टाकीच्या तोंडावरचा आकडा

"जो आकडा आवडला, तो परत मोजा," असं मिलीमास्तर पहिल्या तुकडीला एकदा म्हणाले होते.

तुकडी सात जणांची होती. त्यांतल्या एकाचं अक्षर चांगलं होतं. त्याने ते वाक्य वर्गाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहून टाकलं. पुढे त्या भिंतीला तीनदा रंग दिला गेला, दर वेळी वाक्य तेवढं वगळून. त्यामुळे ते भिंतीत हळूहळू खोल जात असल्यासारखं दिसायला लागलं. भिंतीवरच्या वाक्यांचं जे होतं ते त्याचंही झालं. सगळ्यांना पाठ होतं आणि कुणीही ते वाचत नव्हतं.

मास्तरांना त्यांच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायको अहो म्हणे, मेहुणा दाजी म्हणे, बाकीचे मिलीमास्तर. एका मिलिमीटरवरून माणसाला पुन्हा टाकीवर चढवणारा मास्तर, म्हणून मिली.

शाळा सुरू झाली ती एका भांडणातून. तेलाच्या डेपोत दोन मोजणीदार होते, एक तेल पाठवणाऱ्यांचा आणि एक घेणाऱ्यांचा. दोघं एकाच टाकीवर चढायचे, एकाच तोंडातून पोलादी फीत आत सोडायचे आणि दोन वेगळे आकडे घेऊन खाली यायचे. एक मामाकडून शिकलेला, दुसरा वडिलांकडून. एका दुपारी टाकीच्या जिन्यावरच त्यांची जुंपली. आधी मामा काढून झाला, मग बाप. शेवटी एकाने दुसऱ्याच्या डोक्यात फीत घातली, टोकाला लावलेल्या पितळी ओळंब्यासकट. टाके पडले. डेपोच्या साहेबाने मास्तरांना बोलावलं. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते, डेपोचे स्वतःचे, तिसरे मोजणीदार, आणि भांडणात नव्हते एवढीच त्यांची पात्रता. यांना एका पद्धतीने मोजायला शिकव, साहेब म्हणाला, नाहीतर मला इथे दवाखाना काढावा लागेल.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या पंपघराची. पंप उचलून नेला होता, पण त्याचे चार बोल्ट जमिनीतून वर आलेले तसेच राहिले. प्रत्येक तुकडीतला एकजण तरी पहिल्या दिवशी त्यांना ठेचकाळायचा, आणि मास्तर मान वर न करता म्हणायचे, आधी बघायचं, मग पाऊल. तीन बाकं, एक फळा, अर्ध्यात कापलेलं पिंप. दोन वर्षांनी डेपोने एक निकामी टाकी अंगणात आणून बसवून दिली. तिचं पोट एका बाजूने आत गेलेलं होतं, पण तोंड शाबूत होतं आणि तळ सपाट होता. तिच्यात पुरुषभर डिझेल भरलं आणि पंपघराची शाळा झाली.

एकेचाळिसाव्या वर्षी मास्तर स्वतः विद्यार्थी झाले. वायूही शिकवायला हवा असं शाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाने ठरवलं होतं. तेल निदान दिसतं. वायू दिसत नाही, आणि त्याला येणारा वासही बहुतेक वेळा माणसाने मागाहून घातलेला असतो. मास्तर चार महिने परगावी, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून शिकले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय शिकलात? ते म्हणाले, न दिसणाऱ्या गोष्टीला नळीत अडवायचं आणि ती किती वैतागली त्यावरून ती किती आहे ते सांगायचं. बायको म्हणाली, हे मी लग्नापासून करतेय.

पण त्यांचा जीव टाकीत होता. टाकीवरची मोजणी म्हणजे सांगायला सोपं काम. तोंडाच्या कडेवर एक खूण असते. तिला फीत लावून ओळंबा तळापर्यंत सोडायचा, तो टेकला की थांबायचं, आणि खुणेवर फितीचा आकडा बघायचा. तो टाकीच्या नोंदलेल्या उंचीशी जुळला, तर ओळंबा खरंच तळाला टेकला. मग फीत वर घ्यायची आणि ती कुठपर्यंत भिजली ते बघायचं, तेवढं तेल. आकडा कमी आला तर ओळंबा गाळावर टेकला असं समजून पुन्हा सोडायचा. याला मोजणीदार डिप म्हणतात. शाळेच्या टाकीची नोंदलेली उंची होती सहा हजार दोनशे चौदा मिलिमीटर. तो आकडा टाकीच्या तोंडाशी पांढऱ्या रंगात लिहिलेला होता, आणि तो मास्तरांच्या मेहुण्याने लिहिला होता. तो शाळेत पडेल ते काम करायचा.

शाळेच्या पंचविसाव्या वर्षी तिथे एक शिंपीण शिकायला आली. डेपोच्या फाटकाबाहेर बसून ती सतरा वर्षं कामगारांचे गणवेश बेतत आली होती. मग गणवेश तयार यायला लागले आणि मशीन गप्प झालं. डेपोच्या साहेबाने तिला मोजणीदाराची एक जागा देऊ केली, पण महिनाअखेरपर्यंत शाळेचा दाखला आणला तर. महिनाअखेरनंतर जागा दुसऱ्याची. ती अडतीस वर्षांची होती, तुकडीत सगळ्यांत मोठी. सासूने विचारलं होतं, या वयात टाकीला झबलं शिवणार आहेस का? तिने ते स्वतःच वर्गात सांगितलं आणि सगळ्यांआधी स्वतः हसली.

वायूच्या पेपरात ती पहिली आली. टाकीवर नापास झाली.

परीक्षा अशी असे की प्रत्येकाने एकट्याने वर जायचं, डिप घ्यायचा, आकडे चिठ्ठीवर लिहून खाली येऊन मास्तरांच्या हातात द्यायचे. तिच्या चिठ्ठीवर उंची होती सहा हजार दोनशे आठ. सहा मिलिमीटर कमी. मास्तरांनी नियमाप्रमाणे तिला पुन्हा वर पाठवलं. पुन्हा आठ. आठवड्याने दुसरी परीक्षा झाली. तिसरी शेवटची असते, त्यानंतर वर्षभर बसता येत नाही. दुसऱ्या वेळीही तिने आठच आणला. या वेळी मास्तर तिच्याबरोबर वर गेले. त्यांनी फीत तिच्या हातातून घेतली, ओळंबा सोडला आणि खुणेवरचा आकडा तिला दाखवला. चौदा.

तिने आकड्याकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या बोटांकडे बघत होती.

"ओळंबा टेकल्यावर तुम्ही फीत अजून थोडी सोडलीत, सर," ती म्हणाली. "कापड कमी असलं तर फीत ढिली करून ते वाढत नाही."

मास्तरांनी तिला नापास केलं. खाली येताना जिन्याच्या पाचव्या पायरीवर ते थांबले, का ते त्यांना कळलं नाही, आणि मग उतरले.

ते वाक्य त्यांच्याबरोबर घरी आलं. जेवताना समोर बसलं. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी कपाटातून डिपच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक तुकडीतल्या प्रत्येकाचा आकडा त्यांत होता, आणि या वह्यांचा त्यांना अभिमान होता. पाहुणे आले की ते शेवटची पानं उघडून दाखवत. बघा, चौदा, चौदा, चौदा. चारशे हात आणि एक आकडा.

आता त्यांनी पहिली वही उघडली. तेरा. पंधरा. चौदा. चौदा. बारा. तेरा. त्या काळातली पोरं अशीच होती, एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे जाणारी, आणि ते तसंच असायला हवं असं मास्तर स्वतः शिकवायचे. दोन हात तंतोतंत सारखे नसतात. मग बारा वर्षांपूर्वीचं एक पान आलं, आणि तिथून पुढे सगळे चौदा. कुणी इकडे नाही, कुणी तिकडे नाही. भल्या पहाटे सगळ्या घरांतून एकच माणूस बाहेर पडावा तसं ते पान दिसत होतं.

तारीख त्यांना ओळखीची वाटली. नात झाली तो महिना. ते वीस दिवस मुलीकडे होते. त्याच वीस दिवसांत टाकी रिकामी करून दुरुस्त झाली होती. ओळंबा वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून तळाला खळगा पडला होता, तो बुजवायला वेल्डरने तिथे एक पत्रा ठोकला, असं मेहुण्याने परतल्यावर सांगितलं होतं. आकडाही उडाला होता, दाजी, तो म्हणाला होता, मी लगेच रंगवून टाकला, जसाच्या तसा. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली होती. खिशात नातीचा फोटो होता. तो आधी दाखवायचा होता.

पत्र्याला जाडी असते. तळ वर आला की उंची कमी होते. हे त्यांनी हजार वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं.

तरीही त्यांनी मान्य केलं नाही. वह्यांवरून तळ कळत नाही, तळ फितीने कळतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी बायकोला चहा झाल्यावर सांगितलं, चप्पल नको, बूट घाल, तुला टाकीवर यायचंय.

"पंचवीस वर्षांत एकदा नेलं नाहीत," ती म्हणाली. "आता गुडघे गेल्यावर आठवण झाली."

"मला आकडा माहीत नसलेलं माणूस हवंय."

"मग बरोबर माणूस निवडलंत. तारीख-वार सोडून मला एक आकडा माहीत नाही."

ती चढली. दर चार पायऱ्यांना थांबली, आणि थांबली की काहीतरी बोलली. वर पोचल्यावर तिने वाकून टाकीच्या तोंडातून आत पाहिलं. खाली काळोखात डिझेलचा एक गोल होता, गोलात आभाळाचा तुकडा, आणि तुकड्यात दोन म्हातारी डोकी. ती बराच वेळ बघत राहिली. इतकी वर्षं तुम्ही हे बघत होतात होय, एवढंच म्हणाली.

मास्तरांनी रंगवलेल्या आकड्यावर रुमाल घातला आणि फीत तिच्या हातात दिली. हळू सोड, टेकल्याचं बोटांना कळेल, कळलं की थांब. तिने सोडली. विहिरीत बादली सोडल्यासारखी, अजिबात घाई न करता. फीत थांबली.

"टेकलं," ती म्हणाली.

"नक्की? अजून थोडी जाते का बघ."

"जाते ना. पण मग ती सैल जाते. सैल सोडायची का?"

तिने चष्मा वर करून खुणेवरचा आकडा वाचला, एकेक अंक सुटा, फोन नंबर वाचावा तसा. सहा, दोन, शून्य, आठ. परत सोड, ते म्हणाले. तिने परत सोडली. सहा, दोन, शून्य, आठ. तिसऱ्यांदा सात आला आणि तिला वाईट वाटलं. माझं चुकलं का, तिने विचारलं. नाही, मास्तर म्हणाले, असंच येतं.

मग त्यांनी स्वतः फीत घेतली, डोळे मिटले आणि ओळंबा सोडला. टेकल्याचं त्यांना स्पष्ट कळलं. आणि टेकल्यानंतर त्यांचा अंगठा आपला आपण हलला, अगदी थोडा, झोपेत मूल कूस बदलतं तेवढा. त्यांनी डोळे उघडले. चौदा.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, अशी त्यांची एक आवडती म्हण होती. नापास पोरांवर ते ती वापरत. त्या सकाळी ती त्यांना आठवली आणि ते जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. या बारा वर्षांत चारशे जणांना त्यांनी शिकवलं होतं. फीत कशी सोडायची ते, आणि आकडा येत नसेल तर कसा आणायचा तेही. दुसरा धडा फळ्यावर कधी लिहिला नव्हता. तो अंगठ्यातून अंगठ्यात गेला होता.

सोमवारी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य त्यांच्याच नवव्या तुकडीतले, म्हणजे जुन्या, खऱ्या तळावर शिकलेले. त्यांनी दुरुस्तीआधीची आणि नंतरची अशा दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि दार लावून घेतलं. तीन आठवड्यांवर शाळेचा पंचविसावा वर्धापनदिन होता. मंडळाचे लोक येणार होते, शाळेला कायमची मान्यता द्यायची की नाही ते बघायला. आणि त्याच दिवशी मास्तर निवृत्त होणार होते. प्राचार्यांचं म्हणणं साधं होतं. कुणाचं नुकसान झालेलं नाही. बाहेरच्या टाक्यांवरचे आकडे बरोबर असतात, तिथे आपली पोरं बरोबरच मोजतात. समारंभ होऊ द्या, मग मी गुपचूप रंग बदलून घेतो.

"आणि शिंपीण?" मास्तरांनी विचारलं.

"तिला पास करा. हक्कच आहे तिचा. चौदा लिहून टाका तिच्या नावापुढे."

मास्तर म्हणाले, तिने चौदा कधी मोजलाच नाही. प्राचार्य म्हणाले, सर, कुणीच नाही मोजला. दोघंही जरा हसले, आणि मग दोघांनाही ते हसू टाकवेना, ठेववेना.

तिसरी परीक्षा गुरुवारी होती. तुकडीतले सगळे पास झालेले बाकांवर बसून तिची वाट बघत होते. ती वर गेली, नेहमीपेक्षा लवकर खाली आली आणि चिठ्ठी मास्तरांच्या हातात दिली. आकडा नीट, टपोरा काढलेला होता. सहा हजार दोनशे चौदा.

शाळेने तिलाही शिकवलं होतं. तीन आठवडे लागले होते, इतरांना तीन दिवस लागत.

"हा तुला दिसला?" मास्तरांनी विचारलं.

ती बोल्टांकडे बघत राहिली. "मला पास व्हायचंय, सर. महिना संपायला चार दिवस राहिलेत."

"मी काय विचारलं?"

"दिसला नाही. आणला."

मागे बाकांवर कुणीतरी खोकलं. दारात प्राचार्य उभे होते. मास्तरांनी चिठ्ठी तिला परत दिली. ते म्हणाले, ही माझ्याकडून आलेली आहे, तुझी नाही. वर जा. तुझ्या हाताला जो लागेल तो लिही, बाकी माझ्यावर सोड. ती हलली नाही, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला वायरब्रश उचलला, तिच्या पुढे होऊन जिना चढले आणि तोंडाशी वाकून मेहुण्याने लिहिलेला पांढरा आकडा खरवडायला लागले. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना तो आवाज ऐकू येत होता. चौदामधला चार शेवटपर्यंत निघेना. मग तोही निघाला.

ती वर गेली आणि आठ घेऊन आली. मास्तरांनी वहीत आठ लिहिला, पुढे "उत्तीर्ण" लिहिलं, आणि त्याच्याखाली चार ओळी: टाकीचा तळ बारा वर्षांपूर्वी सहा मिलिमीटरने वर आला, तो मी मोजला नाही, त्यानंतरच्या सर्व तुकड्यांचे आकडे माझ्या हाताचे आहेत, त्यांचे नव्हेत. सही केली. प्राचार्यांनी ते वाचलं. बराच वेळ त्यांनी वही हातातून सोडली नाही. मग खिशातून पेन काढलं आणि सहीखाली आपली सही केली.

पत्रं त्याच आठवड्यात गेली, बारा वर्षांतल्या सगळ्यांना. मजकूर मास्तरांचा होता आणि दोन ओळींचा होता. आपला एक डिप चुकला आहे. वर्धापनदिनाला या आणि परत मोजा.

चारशेपैकी एकशे तीस आले. त्यांतले काही आता साहेब झाले होते, काहींची पोटं जिन्यात अडकण्याइतकी वाढली होती. ते टाकीखाली रांगेत उभे राहिले आणि एकमेकांना टोमणे मारत राहिले. तू तर शेजाऱ्याचा बघून लिहिला होतास. शेजारी तूच होतास, म्हणून तर बुडालो. मंडळाचे लोक खुर्च्यांवर बसले होते. भाषणं व्हायची होती ती राहून गेली, कारण रांग संपेना. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तासाभराने आपली पर्स शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याही रांगेत लागल्या. त्यांच्या चिठ्ठीवर पंचवीस मिलिमीटरची चूक निघाली. त्या म्हणाल्या, मान्यता मलाच आधी घ्यावी लागेल. प्राचार्य तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळे हसले.

खाली टेबलावर शिंपीण बसली होती, डेपोच्या नव्या गणवेशात. खांद्यावरची शिवण तिने उसवून पुन्हा घातली होती, हे लांबूनही दिसत होतं. येणारी प्रत्येक चिठ्ठी उघडून ती मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची. आठ. सात. नऊ. आठ. आठ. दहा. सात. मास्तर बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. एखादं गाणं बऱ्याच वर्षांनी कानावर पडावं आणि शब्द आठवत नसतानाही चाल पुढे कुठे जाणार ते कळावं, तसे ते आकडे त्यांना ऐकू येत होते. प्रत्येक हात आपल्या जागी थोडासा चुकत होता.

शेवटी रांग संपली. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. बायको खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत होती. तिने फक्त हाताने खूण केली: हळू सोडा.

मास्तर वर गेले. वर ते नेहमीपेक्षा जास्त वेळ होते. फीत त्यांनी एकदा ओढून घेतली, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा सोडताना ती डाव्या हाताने सोडली, असं नंतर जिन्याजवळच्या माणसांनी सांगितलं. डावा हात आयुष्यभर नुसता फितीची डबी धरायचा. त्याला कुठलाच आकडा पाठ नव्हता. उतरून त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

शिंपिणीने ती उघडली. "सहा हजार दोनशे नऊ," तिने वाचलं. मग मान वर केली. "आवडला का, सर? नाहीतर परत मोजायचा."

अंगणभर हसू पसरलं, आणि मास्तरही हसले. त्यांनी टाकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे आता घासलेल्या पत्र्याचा एक कोरा, उजळ चौकोन होता. ते परत खाली वळले, तिच्या पेनाकडे बोट केलं, आणि ती नऊ लिहीपर्यंत थांबले. लिहून झाल्यावर त्यांनी गळ्यातली वह्यांच्या कपाटाची किल्ली काढून वहीवर ठेवली, बायकोच्या हातातली पिशवी घेतली, पंपघरातून जाताना अंधारात चारही बोल्ट न बघता ओलांडले, आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.